नानासाहेब उठेपर्यंत

मी वादळ पाहिलं असं सांगितलं की लोक पहिल्यांदा विचारतात, पाऊस किती झाला. पाऊस झालाच नाही म्हटलं की म्हणतात, मग वावटळ असणार. आता वावटळीचं काय, इंदूरच्या उन्हाळ्यात ती रोज दुपारी येते, वाळत घातलेलं धुणं मळवते आणि गल्लीच्या टोकाला जाऊन विरते. मी जे पाहिलं त्याचा पाय जमिनीवर होता, डोकं ढगात होतं आणि मधल्या जागेत आमच्या आमराईतल्या फांद्या फिरत होत्या. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. आमच्या हेडमिस्ट्रेसबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाटातून जाडजूड पुस्तक काढलं, याला टोर्नेडो म्हणतात आणि तो अमेरिकेत होतो हे बोट ठेवून दाखवलं, आणि पुस्तक मिटून पुन्हा कपाटात ठेवलं. झालं, विषय संपला. आमची आमराई आहे त्या हातोदच्या आभाळाला हे कुणी कळवलं नव्हतं, त्याला ते तरी काय करणार?

पण ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यावर मी कशाला चिडू? माझा राग आहे तो जे तिथं होते त्यांच्यावर.

नानासाहेब माझे थोरले काका. वडील गेल्यापासून आई आणि मी स्नेहलतागंजला त्यांच्याचकडे राहतो. संस्थान होतं तेव्हा ते दरबारातल्या बैठकीची व्यवस्था बघत. कुणी कुठं बसायचं, कुणाची गादी कुणाच्या पुढं येता कामा नये, कुणी कुणाच्या आधी उठायचं नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात. पुढं संस्थान मध्यभारतात विलीन झालं, दरबार संपला, गाद्या कुठं गेल्या कोण जाणे. पण सुंभ जळलं तरी पीळ जळत नाही म्हणतात ते खोटं नाही. आमच्या भाड्याच्या घरात अजून दरबार भरतो. नानासाहेब बसले की बाकीचे बसतात आणि ते उठल्याशिवाय कुणी उठत नाही. चुलीवर दूध उतू जायला लागलं तरी आई आधी त्यांच्याकडे बघते, ते मान हलवतात, मग ती उठते. तोवर अर्धं दूध चुलीत गेलेलं असतं. या घरातल्या कुणालाच यात काही चमत्कारिक वाटत नाही.

मला पाहायला गजाननराव यायचे ठरले तेव्हा नानासाहेबांना पहिला प्रश्न पडला तो बैठकीचा. गजाननराव सचिवालयात मोठ्या जागेवर. मध्यभारताची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला, त्यामुळे दर उन्हाळ्यात तेही फायलींबरोबर इंदूरला येत. त्यांचा मुलगा लक्ष्मीकांत इथंच बांधकाम खात्यात ओव्हरसिअर. अशा माणसांना जिन्याच्या तोंडाशी असलेल्या खोलीत कसं बसवायचं? नानासाहेबांनी ठरवलं की मुलगी हातोदच्या आमराईत दाखवायची. आमराई म्हणजे जुन्या इनामातला उरलेला तुकडा, दहा-बारा झाडं, एक पायऱ्यांची बावडी, आणि राखणीला हरी. झाडाखाली जाजम, लोड, तक्के, आंब्याचा रस. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम की स्वारीचा मुक्काम, असा मला प्रश्न पडला. पण मला कुणी विचारलं नव्हतं.

तसा मला या सगळ्याचा कंटाळाच आला होता. आजवर बरीच मंडळी मला पाहून गेली होती. कुणाला रंग खटकला, कुणाला नोकरी, कुणाला माझं बोलणं. त्यामुळे आईनं या खेपेला रस्ताभर बजावलं होतं की मान खाली ठेव, विचारल्याशिवाय बोलू नकोस, आणि बोललीस तरी भूगोल सांगत बसू नकोस.

मृगाच्या आधीचे दिवस. दुपार कलली होती आणि हवा अशी पडली होती की आंब्याचं पान हलत नव्हतं. सगळ्यात मोठ्या झाडाखाली बैठक मांडलेली. बुंध्याला लोड लावून नानासाहेब, डोक्यावर होळकरी पगडी. शेजारी गजाननराव आणि त्यांच्या पत्नी प्रेमलताबाई, एका बाजूला लक्ष्मीकांत, कडेला आई. आणि या सगळ्यांच्या समोर, एकटी, मी. मुलगी पाहायची म्हणजे ती सगळ्यांना नीट दिसली पाहिजे, तिच्यावर उजेड पडला पाहिजे. म्हणून नानासाहेबांनी मला मावळतीकडे तोंड करून बसवलं होतं. बाकी झाडून सगळ्यांची पाठ मावळतीला. पुढं जे झालं ते समजायला एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. पश्चिमेचं आभाळ दिसत होतं ते फक्त मला, आणि मान वर करायची नाही असं बजावलेलंही मलाच.

प्रेमलताबाईंनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं, विणकाम येतं का विचारलं. मी खाली बघून उत्तरं दिली. मग नानासाहेबांनी सूत्रं हाती घेतली आणि दरबारातली ती गांधीलमाश्यांची गोष्ट सुरू केली. कनातीला लागलेलं पोळं उठलं, माश्या सरदारांच्या कानामानेला डसल्या, तरी एक असामी जागची हलली नाही. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलेय. मी जरा मान वर केली.

पश्चिमेला ढग आला होता. खालून सपाट, शाईसारखा. त्याच्या पोटातून काहीतरी लोंबत होतं. भिजलेलं धोतर पिळताना टोक लोंबतं ना, तसं. ते हळूहळू खाली यायला लागलं. त्याच्याखाली, लांब शेतात, जमिनीतून धूळ वर उठली. वरचं टोक आणि खालची धूळ काही वेळ एकमेकांना शोधत राहिली, आणि मग मिळाली. ढगापासून जमिनीपर्यंत एकच खांब उभा राहिला. वर फिकट, खाली काळा, कारण आमच्या माळव्याची माती काळी. मला आधी भीती वाटलीच नाही. इतकं नवल वाटलं की मी उघड उघड बघत राहिले. आईनं घसा खाकरला. मी बघतच होते.

लक्ष्मीकांतनं माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. मुलगी अशी टक लावून कुठं बघतेय हे त्याला कळेना, म्हणून त्यानं मागं वळून पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. खांब आता जाड झाला होता, पण डावीकडे जात नव्हता की उजवीकडे. शेताच्या कडेच्या दोन ताडांच्या बरोबर मधोमध होता तो तिथंच होता आणि मोठा होत होता.

"ती वावटळ हलत नाहीये," तो हळूच म्हणाला.

मला कळलं. जी वस्तू हलताना दिसत नाही आणि मोठी होत जाते, ती सरळ आपल्याकडेच येत असते. त्या क्षणी ही गोष्ट त्या आमराईत दोघांनाच ठाऊक होती.

गजाननरावांनी त्याला विचारलं, काय म्हणालास? तो म्हणाला, काही नाही. आणि पुन्हा समोर तोंड करून बसला. कारण नानासाहेब बोलत होते, आणि नानासाहेब बोलत असताना गजाननराव हलत नव्हते. तेही जुन्या दरबारी घरातले, त्यांना रीत शिकवावी लागत नव्हती. आता आवाजही यायला लागला होता. आधी शेजारच्या घरात जातं चालावं तशी घरघर, मग मिलमध्ये सगळे माग एकदम सुरू व्हावेत तसा. तो सगळ्यांना ऐकू येत होता. गजाननरावांचा पाय हलायला लागला होता. प्रेमलताबाई नवऱ्याकडे बघत होत्या, नवरा नानासाहेबांकडे, आणि आई माझ्याकडे डोळे वटारून. शहाणीसुरती मोठी माणसं, मागं नुसती मान वळवायची तर तीही कुणी वळवेना.

"नानासाहेब, उठा," मी म्हणाले. "वावटळ येतेय. मोठी आहे."

ते थांबले. त्यांच्या गोष्टीत आजवर कुणी तोंड घातलं नव्हतं.

"वावटळीला दरबार उठत नसतो," ते म्हणाले. "खाली बघ."

तेवढ्यात बावडीकडून हरी धावत आला आणि लांबूनच ओरडला, "बा साब, उठो. पाछे देखो, कईं आई रियो हे." मागं बघा, काय येतंय, असं तो जीव तोडून सांगत होता. नानासाहेबांनी त्याला हातानं गप्प केलं. पाहुण्यांसमोर राखणदारानं ओरडणं म्हणजे काय.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी एकटी उठून पळाले असते तर वाचले असते, पण ही सगळी जाजमावर बसूनच राहिली असती हे मला लख्ख दिसत होतं. यांना उठवायची एकच रीत होती. मी उठले, जाजम तुडवत गेले, नानासाहेबांच्या काखेत हात घातला आणि त्यांना ओढून उभं केलं. त्यांची पगडी पडली. ते उभे राहिले मात्र, सगळेच्या सगळे एकदम उठले आणि बावडीकडे धावले. सगळ्यांत पुढं गजाननराव होते.

बावडीच्या पायऱ्या दगडी कमानीखालून आत उतरतात. मंडळी पार पाण्यापर्यंत गेली, तोंडं भिंतीला लावून बसली. मी वरच्या पायरीवर कमानीच्या आडोशाला थांबले, कारण मला बघायचं होतं. शेजारी कुणीतरी होतं. लक्ष्मीकांत.

लोक मला विचारतात, जवळून कसं दिसतं. जवळून तो खांब दिसतच नाही, नुसती एक काळी भिंत येते. पहिल्यांदा हरीच्या झोपडीवरचा पत्रा उठला. तो उडाला असं म्हणवत नाही. तो अगदी निवांत वर चढला, कूस बदलली, आणि फिरत फिरत दिसेनासा झाला. कडब्याची गंज उभीच्या उभी उकलली. आम्ही ज्याखाली बसलो होतो तो आंबा वाकला नाही. त्याला कुणीतरी धरून पिळलं. बुंध्याची साल मळसूत्रासारखी फिरताना मी या डोळ्यांनी पाहिली. मग तो तुटला. माझे कान गच्च झाले, श्वास घ्यायला हवाच उरली नाही, तोंडात माती गेली, आणि मी कमानीचा दगड इतका घट्ट धरला की नखं सोलली. तेव्हा मात्र मला भीती वाटली. मरणाची वाटली.

आणि मग ती भिंत पुढं गेली. इंदूरच्या बाजूला आभाळात कडब्याच्या काड्या चमकत राहिल्या, आणि कुठंतरी एक बैल हंबरला.

"तुम्हाला भीती वाटली?" लक्ष्मीकांतनं विचारलं.

"वाटली."

"मलाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "हे आपण दोघांनीच पाहिलं."

खरं सांगते, मला तो तिथंच आवडला. मला पाहायला आलेल्यांपैकी एकानंही आजवर आपल्याला भीती वाटते असं कबूल केलं नव्हतं. आम्ही दोघं मातीनं माखलेले, माझा अंबाडा सुटलेला, आणि मी मनात म्हणाले, या माणसाबरोबर संसार होईल. हा जे पाहतो ते पाहिलं म्हणतो.

वर आलो तर जाजमाचा पत्ता नव्हता. लोड शेतात. पगडी तर कायमचीच गेली. आणि नानासाहेब बसले होते नेमक्या त्या जागी आंब्याचा बुंधा आडवा पडलेला. हा सूर्य आणि हा जयद्रथ. मला वाटलं, आता कुणी काही बोलायची गरजच नाही. नानासाहेब त्या बुंध्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले. मग त्यांनी उपरणं डोक्याला गुंडाळलं आणि गजाननरावांना म्हणाले, "मला तळव्यांना कंप जाणवला, तेव्हाच मी उठायचं ठरवलं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

पुढच्या आठवड्यात स्नेहलतागंजमध्ये ही गोष्ट रोज नव्यानं वाढली. तळव्यांचा कंप होता, त्याला मातीचा वास जोडला गेला. मग नानासाहेबांनी शांतपणे हुकूम दिला, 'मंडळी, उठा'. मग त्यांनी बायकांना आधी बावडीत उतरवलं. शेजारचे श्रीकृष्णजी रोज संध्याकाळी येऊन मांडी ठोकत आणि म्हणत, "भिया, मान गए, नानासाहेबांची नजरच तशी." नजर! ज्यांनी शेवटपर्यंत मागं वळून पाहिलं नाही त्यांची नजर. मी दोनदा मध्ये बोलले. दोन्ही वेळा आईनं मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

या गोष्टीत एक अडचण होती आणि ती पगडीची होती. नानासाहेब आपले आपण उठले असतील तर मी त्यांच्या काखेत हात कशाला घातला, आणि पाहुण्यांदेखत त्यांची पगडी का पाडली? गजाननरावांनीही नेमकी तीच शंका काढली. त्यांचा निरोप आला की मुलाला मुलगी पसंत आहे, घराणं तर माहितीचंच, पण जी मुलगी आज थोरल्या काकांना हाताला धरून उठवते ती उद्या आमच्या घरात काय करील? तेव्हा एकदा समक्ष येऊन बोलू.

आईनं लगेच तोड काढली. रात्रीची भांडी घासताना म्हणाली, "यशू, तू एवढंच म्हण, मी घाबरले आणि नानासाहेबांना बिलगले. मुलीनं घाबरण्यात काही वाईट नाही. उलट बरं दिसतं. एवढं म्हटलंस की जमलं समज."

मी म्हणाले की मी घाबरून बिलगले नाही. मी त्यांना उठवलं, म्हणून आज ते गोष्टी सांगतायत.

"मग कोण नाही म्हणतंय? पण ते बोलून दाखवायलाच पाहिजे का?"

मला रडू आलं. रागाचं. माझ्या एका खोट्या वाक्यानं लग्न ठरत होतं. आणि ते लग्न मला हवं होतं, हे तर आणखी वाईट. दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर मी म्हटलं असतं, खड्ड्यात जा. पण मग मला आठवलं की त्या आमराईत खरं पाहिलेला आणखी एक माणूस होता. त्याच्या एका खऱ्या वाक्यानंही लग्न ठरण्यासारखं होतं. त्यानं एवढंच म्हणायचं होतं की आम्ही पाहिलं, नानासाहेब उठत नव्हते, हिनं उठवलं. बस. मी आईला म्हणाले की मी काही बोलणार नाही, ते बोलतील. आईनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला तिचाही राग आला.

रविवारी दुपारी मंडळी आली. उकाडा मरणाचा होता. गजाननरावांना खुर्ची, नानासाहेब आपल्या गादीवर, डोक्यावर आता काळी टोपी. प्रेमलताबाई आणि आई सतरंजीवर, लक्ष्मीकांत खिडकीजवळच्या स्टुलावर. पोहे झाले, चहा आला. नानासाहेबांनी पुन्हा सगळी हकीकत सांगितली, तळव्यांपासून. गजाननराव मान हलवत होते. मग ते म्हणाले की बाकी सगळं ठीक, पण मुलीकडून जे झालं त्याबद्दल तिचं काय म्हणणं आहे ते एकदा ऐकू.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी चहाचा ट्रे हातात घेऊन उभी होते.

"मला काही म्हणायचं नाही," मी म्हणाले. "यांना विचारा. हे माझ्यासमोर होते. यांनी मागं वळून पाहिलं होतं."

खोलीत सगळे लक्ष्मीकांतकडे वळले. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे, मग नानासाहेबांकडे. कप उचलला, पुन्हा बशीत ठेवला. मला अजून खात्री होती. त्यानं तोंड उघडलं तेव्हाही होती.

"माझी पाठ होती तिकडं," तो म्हणाला. "मला तसं नक्की सांगता यायचं नाही."

वादळात मी दगड धरला होता, इथं धरायला ट्रे होता. जो माणूस त्या काळ्या भिंतीसमोर डोळे उघडे ठेवून उभा राहिला, तो बापासमोर शेपूट घालून बसला. आणि नुसता गप्प बसला असता तरी चाललं असतं. नानासाहेब समाधानानं टोपी सारखी करत होते. आई मला खुणेनं सांगत होती, आता तरी म्हण, घाबरले म्हण.

तेवढ्यात बाहेर वारा सुटला. खिडकीची दारं धाडकन आपटली, गच्चीवरचा कुणाचा तरी पत्रा खडखडत घसरला आणि खोलीत धूळ भरून एकदम अंधारलं.

नानासाहेब उठले. लोडाला हात न टेकता, टोपी दोन्ही हातांनी डोक्यावर दाबून, सगळ्यांच्या आधी. गजाननराव त्यांच्या मागोमाग उठून दारापर्यंत पोचले होते. प्रेमलताबाईंनी आईचा हात धरला होता. आणि मग सगळे जागच्या जागी थांबले. खिडकीकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"काय आहे, यशोधरा?" नानासाहेबांनी विचारलं.

मी ट्रे खाली ठेवला. घाई केली नाही. लक्ष्मीकांतच्या बाजूनं खिडकीपाशी गेले आणि बाहेर पाहिलं. गल्लीत धूळ गोल फिरत होती, तिच्यात कागद होते, कोपऱ्यावरचा कचोरीवाला आपलं फडकं दोन्ही हातांनी धरून उभा होता. फिरकी पुढं सरकत सरकत स्टेशनच्या बाजूला निघाली होती.

"वावटळ आहे," मी म्हणाले. "साधी. बसा."

ते बसले. आधी गजाननराव, मग बाकीचे, आणि नानासाहेबसुद्धा. मी बसा म्हटलं म्हणून बसले, आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. गजाननरावांनी रुमालानं तोंड पुसलं, चष्मा पुसला, आणि घसा साफ करून म्हणाले की झालं गेलं सोडून द्या, आम्हाला मुलगी पसंत आहे. ग्वाल्हेरला परतायच्या आत कार्य उरकून टाकू.

आईनं लगबगीनं साखर आणली. नानासाहेब मुहूर्ताचं बोलायला लागले. प्रेमलताबाईंनी माझ्या हातावर साखर ठेवली आणि मी ती मुठीत धरून उभी राहिले. ज्यांनी मला खोटं पाडलं त्यांनी आता मला पसंत केलं होतं, आणि खरं काय झालं हे अजूनही कुणी म्हटलेलं नव्हतं. मघाशी एवढे घाबरून माझ्या तोंडाकडे बघत होते, तरी नव्हतं.

मंडळी निघाली. गजाननराव जिना उतरायला लागले, मागोमाग प्रेमलताबाई. लक्ष्मीकांत बूट घालायला दाराशी मागं राहिला. मी तिथंच होते. खाली वाकून नाडी बांधता बांधता तो हळूच म्हणाला, "ती हलत नव्हती. मला आठवतंय सगळं. तुम्ही त्यांना उठवलंत."

इतके दिवस मी ज्या वाक्याची वाट पाहिली ते हेच होतं. अगदी शब्दाला शब्द.

"मोठ्यानं म्हणा," मी म्हणाले.

त्यानं जिन्याकडे पाहिलं. वडील अजून निम्म्या पायऱ्यांवर होते, त्यांना ऐकू गेलं असतं. त्यानं दुसऱ्या बुटाची नाडी बांधली, उठला, मला नमस्कार केला आणि खाली उतरून गेला.

मी आत आले. मुठीतली साखर चिकट झाली होती. नानासाहेब गादीवर बसले होते, आई त्यांच्यासमोर सतरंजीवर, दोघांचं कुणाला बोलवायचं ते चाललं होतं. त्यांच्यासमोर जाऊन मी म्हणाले, "त्यांना नाही म्हणून कळवा."

आईनं कपाळावर हात मारला. नानासाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांना कारण ठाऊक होतं. खरं काय झालं ते तर आमराईत त्या बुंध्याकडे बघत होते तेव्हापासून ठाऊक होतं.

"आधी खाली बैस," ते म्हणाले. "मग बोलू."

मी बसले नाही. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, मी पुन्हा उभीच राहिले, आणि नाही म्हणून कळवा हे दुसऱ्यांदा सांगितलं ते तसंच उभ्यानं.